रोग ‘पडणे’ आणि रोग ‘लागणे’ : उत्तर कोकणच्या वाडीतील बुरशीरोगांचा इतिहास

१

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत झाडाझुडपांवर रोग दोन क्रियापदांनी येतो. तांबेरा ‘पडतो’, भुरी ‘पडते’. उलटपक्षी कीड ‘लागते’, वाळवी ‘लागते’, मर ‘लागते’. हा भेद व्याकरणातील नियमासारखा काटेकोर नाही. ‘करपा आला’, ‘बुरशी धरली’ असेही प्रयोग सर्रास होतात. तथापि या दोन क्रियापदांच्या मागे दोन निराळ्या कल्पना उभ्या आहेत, हे थोड्या निरीक्षणाने ध्यानात येते. धुके पडते, दहिवर पडते, दुष्काळ पडतो, टोळधाड पडते. जे पडते ते वरून किंवा बाहेरून येते. ते सर्वांवर सारखेच येते आणि त्याबद्दल कोणा एकाला जबाबदार धरता येत नाही. लागण्याची गोष्ट वेगळी आहे. आग लागते, दृष्ट लागते, ठेच लागते. जे लागते ते कशाचा तरी कशाला स्पर्श झाल्यावाचून लागत नाही. त्याला उगम असतो, वाट असते आणि पुष्कळदा त्या उगमाशी कोणी मनुष्यही असतो.

एका झाडाचा बुरशीरोग दुसऱ्या झाडावर जातो तेव्हा तो पडतो की लागतो, या प्रश्नाला कृषिविज्ञानाने गेल्या दोनशे वर्षांत उत्तर दिले आहे. परंतु ते उत्तर घराच्या वाडीपर्यंत कोणत्या टप्प्यांनी पोचले, आणि भाषेने त्याला कोठे साहाय्य केले व कोठे अडथळा आणला, याचा विचार क्वचितच होतो. हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. मोहोर धुक्याने गेला असे मानणारा घरधनी झाडाची विरळणी करण्याच्या भानगडीत पडत नाही, आणि रोग शेजाऱ्याच्या झाडावरून आला असे मानणारा कुंपणापाशी भांडण उभे करतो. दोघांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे आणि दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. हे तथ्य किती व ही उणीव कोठे, हे पाहणे हाच या विवेचनाचा हेतू होय.

२

विवेचनासाठी उत्तर कोकणाचा पट्टा, विशेषतः वसईच्या खाडीच्या दोन्ही तीरांवरचा प्रदेश, सोयीचा आहे. खाडीच्या उत्तरेस वसईची जुनी बागायत, आणि दक्षिणेस साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशी भाईंदर, मिरे, राई, मुर्धे, मोरवा, डोंगरी, उत्तन ही गावे. १९८५ मध्ये यांतील गावे एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली व २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. रेल्वेलगतच्या भागात आज इमारतींची दाटी आहे. पश्चिमेच्या उत्तन-डोंगरीकडे मात्र घराभोवती आंबा, नारळ, केळ, पेरू, चिकू अशी पाच-दहा झाडे राखण्याची पद्धत अद्याप पूर्णपणे मोडलेली नाही.

अशा घरगुती बागेला या किनाऱ्यावर ‘वाडी’ म्हणतात. दक्षिणेकडे याच अर्थी ‘आगर’ व गोव्यात ‘कुळागर’ हे शब्द आहेत. भाईंदरला मात्र ‘आगर’ म्हटले की प्रथम मिठागर आठवते. एकाच शब्दाने एके ठिकाणी नारळी-पोफळीची बाग आणि दुसरीकडे मिठाचे वाफे दाखवावेत, ही गोष्ट या किनाऱ्याच्या अर्थव्यवहाराविषयी पुष्कळ सांगून जाते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात ठाणे जिल्ह्याच्या कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी, किरिस्तांव इत्यादी बोलींची नोंद आहे. यांपैकी ‘वाडवळ’ या नावातच वाडी आहे. बागाईत हा ज्यांचा पिढीजात धंदा त्यांच्या नावावरून बोली ओळखली जावी, इतका वाडीचा संबंध येथील जीवनाशी निकट होता.

१८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात वसईच्या बागांतील केळी, ऊस व पानवेल या ओलिताच्या पिकांचे वर्णन सविस्तर आलेले आहे. राजेळी केळ्याची सुकेळी हा तर वसईचा प्रसिद्ध जिन्नस. या बागायतीस पोर्तुगीज अमदानीचाही हातभार लागला. सोळाव्या शतकात गोव्यास वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबई बेटाचा पट्टा होता, आणि तेथील आपल्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते असे त्याने १५६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. पुढे गोव्यातील ख्रिस्ती धर्मगुरूंनी आंब्याच्या कलमांचा प्रसार केला. ‘हापूस’ हे नाव आफोंसो या पोर्तुगीज नावापासून आले, हे सर्वमान्य आहे. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या ताब्यात आली तेव्हा सत्ता बदलली, कलमे राहिली.

कलमांची ही गोष्ट रोगांच्या इतिहासात महत्त्वाची आहे. कोयीपासून उगवलेला प्रत्येक रायवळ आंबा स्वभावाने निराळा असतो: एक लवकर मोहोरतो, दुसरा उशिरा, एक रोग सोसतो, दुसरा सोसत नाही. कलम म्हणजे मात्र एकाच झाडाचा विस्तार. शंभर हापूस म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शंभर ठिकाणी उभे असलेले एकच झाड होय. ते जवळजवळ एकाच सुमारास मोहोरते आणि एकाच रोगाला सारखेच बळी पडते. रायवळांच्या राईत एखाद्या झाडापुरती राहणारी व्याधी कलमांच्या बागेत बागेची होऊ शकते. फळाची गोडी निश्चित करणाऱ्या कलेने रोगाची वाटही सुकर केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

३

झाडाला रोग होतो ही कल्पना भारतात फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘वृक्षायुर्वेद’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात थंडी, वारा व ऊन यांनी वृक्षांना रोग होतो असे सांगून त्याची लक्षणे दिली आहेत: पाने पांढुरकी पडणे, पालवीची वाढ खुंटणे, फांद्या वाळणे, रस झिरपणे. उपचार म्हणून प्रथम रोगट भाग शस्त्राने काढून टाकावा, नंतर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधपाण्याने झाड शिंपावे असे सांगितले आहे. द्रव्ये निराळी, पण क्रम आजचाच आहे. डिंक्या झालेल्या संत्र्याच्या बुंध्यावरील कुजलेली साल खरवडून त्यावर बोर्डो मलम लावणारा आजचा बागाईतदार हेच दोन टप्पे पाळतो.

याहून लक्षणीय आहे ते त्याच अध्यायातील झाडांच्या अंतराविषयीचे विधान. दोन झाडांमध्ये वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात किमान असे वराहमिहिराने म्हटले आहे. आणि जी झाडे जवळजवळ वाढून एकमेकांना स्पर्श करतात, ज्यांची मुळे परस्परांत मिसळतात, ती पीडित होऊन नीट फळ देत नाहीत, असे कारणही दिले आहे. येथे संसर्गाची कल्पना आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. झाडांची पोषणासाठी होणारी स्पर्धा एवढाच अर्थ अभिप्रेत असू शकेल. परंतु झाडाच्या पीडेचे कारण त्या झाडाच्या देहाबाहेर, म्हणजे शेजारच्या झाडाच्या सान्निध्यात, शोधले गेले आहे, ही गोष्ट निश्चित आहे.

हा धागा पुढील परंपरेत फारसा वाढला नाही. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असून तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मानवी वैद्यकाप्रमाणे वृक्षरोगांचेही वात, पित्त व कफ या त्रिदोषांनुसार वर्गीकरण केलेले आढळते. ही व्यवस्था बुद्धीला समाधान देणारी आहे. पण तिच्यात रोगाचे कारण पुन्हा त्या एका झाडाच्या प्रकृतीत जाऊन बसते. दोष माझ्या झाडाचा. शेजारच्या झाडाचा त्याच्याशी संबंध नाही. झाड हे एकक मानले की बाग दिसेनाशी होते.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्थिती फारशी वेगळी नव्हती. रोगट पानावर दिसणारी बुरशी हे रोगाचे कारण नसून त्याचा परिणाम आहे, असेच बहुसंख्य विद्वानांचे मत होते. १८०७ मध्ये प्रेव्हो या संशोधकाने गव्हाच्या काणीचे कारण एक सूक्ष्म जीव आहे असे दाखविले, परंतु त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले व त्यातून भीषण दुष्काळ ओढवला. तेव्हाही पावसाळी हवा हेच मूळ कारण असे पुष्कळांनी मानले. बर्कली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये बुरशीला कारण ठरविले आणि १८६१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ डी बारी याने प्रयोगाने ते सिद्ध केले. रोग ‘पडत’ नाही, ‘लागतो’, हे विज्ञानाने मान्य केले ते असे.

४

मराठीतील वनस्पतिरोगांची नावे या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहेत. तांबेरा हे नाव तांब्याच्या रंगावरून, भुरी भुऱ्या रंगावरून, कोळशी कोळशाच्या काळेपणावरून, डिंक्या पाझरणाऱ्या डिंकावरून, तेल्या तेलकट डागावरून. करपा करपण्यावरून आणि मर मरण्यावरून. केवड्याच्या पानासारखी पिवळट फिकी छटा ज्या रोगात पिकाला येते तो केवडा. या नावांत निरीक्षणाची सूक्ष्मता आहे. दुरून शेत पाहताच जे डोळ्यात भरते तेच नाव झाले. पण यांपैकी एकाही नावात कारण नाही आणि वाटही नाही. नावे डोळ्यांनी दिली. सूक्ष्मदर्शक त्या काळी हाती नव्हता.

‘बुरशी’ हा शब्द मुळात शेतातला नसून घरातला दिसतो. लोणच्यावर, भाकरीवर, पावसाळ्यात चामड्याच्या वस्तूंवर येते ती बुरशी. या शब्दाला वनस्पतिरोगविज्ञानात स्थान मिळाले ते नव्या शिक्षणामुळे. मराठी विश्वकोशाने यासाठी ‘कवक’ हा पारिभाषिक शब्द स्वीकारला. तो निश्चितार्थक व समासाला सोयीचा आहे. परंतु शेतकऱ्याच्या तोंडी ‘बुरशी’च राहिली, आणि हे एका दृष्टीने इष्टच झाले. कारण ओलाव्यात व कोंदट जागेत बुरशी वाढते, एका भाकरीची दुसरीला लागते, हे घरातील ज्ञान त्या शब्दाबरोबर आयतेच वाडीत येते. ‘कवक’ या शब्दाला तो अनुभव नाही.

लक्षणावरून दिलेल्या नावांचा तोटा असा की, सारखी दिसणारी पण कारणाने भिन्न असलेली दुखणी एका नावाखाली गोळा होतात. आंब्याचा करपा कोलेटोट्रिकम या बुरशीमुळे होतो. परंतु अणुजीवांमुळे होणाऱ्या काही रोगांनाही ‘करपा’च म्हणतात, आणि उन्हाने पान करपले तरी क्रियापद तेच. डाळिंबावरचा तेल्या हा बुरशीचा नव्हे, अणुजीवाचा रोग आहे. पण नावावरून ते कळण्यास मार्ग नाही, आणि निव्वळ बुरशीनाशकावर पैसा खर्च करणाऱ्यास फळ मिळत नाही. उलट दिशेनेही असे घडते. ‘कोळेरोग’ हे नाव कानडीतून आले. ‘कोळे’ म्हणजे कुजणे. पश्चिम घाटापलीकडे हेच नाव सुपारीच्या फळकुजीला आणि कॉफीच्या एका पानरोगालाही होते. कॉफीवरील बुरशीस कुक याने १८७६ मध्ये शास्त्रीय नाव देताना ‘कोलेरोगा’ हा शब्दच त्यात घेतला. सुपारीवरील रोगाचे कारण मात्र सर्वस्वी निराळे निघाले. मराठीत आल्यावर या शब्दाचा कानडी अर्थ हरपला. कोळी, कोळशी यांच्या शेजारी बसून तो नुसता एक ध्वनी उरला. ‘कुजवा’ असे ज्यातून कानडी माणसाला सहज समजते, त्यातून मराठी माणसाला काही समजत नाही.

५

बुरशीरोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत: वारा, पाऊस आणि माती. या तिन्ही वाटांवर मनुष्याचा हात चौथी वाट म्हणून कोठेही येऊन मिळतो. उत्तर कोकणच्या वाडीतील तीन रोग या वाटांची उदाहरणे म्हणून घेता येतील.

पहिला आंब्याच्या मोहोरावरील भुरी. थंड रात्री, ढगाळ सकाळ आणि दमट हवा अशा दिवसांत मोहोरावर पांढरी भुकटी दिसू लागते. फुले व बारीक कणी गळतात. ही भुकटी म्हणजेच बुरशीचे बीजाणू. ते वाऱ्याने उडतात आणि रुजण्यासाठी त्यांना पानावर पाणी साचण्याचीही गरज नसते. किंबहुना जोराच्या पावसाने ते धुऊन जातात. या बुरशीचे वर्णन बर्थे याने १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये केले. मुंबई इलाख्यात बर्न्स व प्रयाग यांनी १९२०-२१ च्या सुमारास आंब्यावर एक विस्तृत पुस्तक सिद्ध केले. आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाशी संबंधित असलेल्या उप्पल, पटेल व कामत यांनी १९४१ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आंब्याच्या भुरीवर निबंध प्रसिद्ध केला. भुरीवर गंधक चालते हे ज्ञान त्यापूर्वीचे आहे. १८४५ मध्ये इंग्लंडातील मार्गेट येथे टकर नावाच्या माळ्याने द्राक्षावर भुरी पाहिली व गंधक आणि चुना यांचा उपाय केला. बर्कलीने १८४७ मध्ये त्या बुरशीला त्या माळ्याचेच नाव दिले.

‘मोहोर धुक्याने गेला’ या वाक्याचा न्याय येथे करता येतो. धुके हे कारण नव्हे. परंतु धुक्याची हवा ही रोगाला अनुकूल अशी परिस्थिती आहे. लोकसमजुतीने सहचराला कारण मानले. एवढेच नव्हे तर तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी कोळशी आणि पांढरी भुरी यांनाही धुक्याच्याच खात्यात टाकले. निरीक्षण खरे होते, अनुमान चुकले. आणि अनुमान चुकल्यामुळे उपाय उरला नाही, कारण धुक्यावर कोणाची सत्ता चालत नाही.

दुसरा सुपारीचा कोळेरोग. श्रीवर्धनच्या रोठ्यापासून गोव्याच्या कुळागरांपर्यंत पोफळीच्या बागांना तो परिचित आहे. भर पावसाळ्यात कोवळी फळे देठापाशी कुजतात व पांढऱ्या तंतूंनी वेढलेली अशी गळून पडतात. पावसाचे शिंतोडे आणि वाऱ्याचे झोत रोगाला एका घडावरून दुसऱ्या घडावर नेतात. मलनाडच्या बागाईतदारांनी शास्त्राची वाट न पाहता एक उपाय शोधला होता: पावसापूर्वी झाडावर चढून प्रत्येक घडावर सुपारीच्याच विरीचे किंवा गवताचे आच्छादन बांधणे. पाणी घडाला लागू द्यायचे नाही, हे त्यातील तत्त्व. बटलर याने १९०६ मध्ये या रोगाचा अभ्यास केला. १९०१ मध्ये हिंदुस्थानात आलेला व पुढे पुसा येथील संस्थेत काम केलेला हा शास्त्रज्ञ भारतीय वनस्पतिरोगविज्ञानाचा प्रवर्तक मानला जातो. १९१८ चा त्याचा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण राहिला. म्हैसूर संस्थानात कोलमन या कॅनडियन शास्त्रज्ञाने १९१० मध्ये या रोगाचे कारण फायटोफ्थोरा वंशातील एक जाती आहे असे दाखविले आणि पावसात टिकून राहील अशा बोर्डो मिश्रणाची फवारणी रूढ केली. आजच्या वर्गीकरणात फायटोफ्थोरा खऱ्या कवकांत मोडत नाही. तिचे नाते काही शैवलांशी अधिक जवळचे आहे. व्यवहारात मात्र तिची गणना बुरशीरोगांतच होते.

बोर्डो मिश्रणाचा उगमही वाडीच्या कुंपणापाशीच आहे. फ्रान्सच्या मेदोक भागात रस्त्यालगतच्या द्राक्षवेलींवर, वाटसरूंनी फळे तोडू नयेत म्हणून, मोरचूद व चुना यांचा निळसर, विषारी दिसणारा लेप शिंपडण्याची चाल होती. १८८२ मध्ये मिलार्दे या प्राध्यापकाच्या दृष्टीस पडले की, केवडा रोगाने बाकीच्या वेलींची पाने गेली असता या वेली हिरव्या राहिल्या आहेत. प्रयोगांती १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण जाहीर केले. आज शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना हे त्याचे सामान्य प्रमाण आहे. येथे भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मोरचूद या शब्दाचे संस्कृत ‘मयूरतुत्थ’ याच्याशी नाते उघड आहे. म्हणजे हे द्रव्य येथील वैद्यकाला शतकानुशतके परिचित होते; चुना तर घराघरांतील पानाच्या डब्यात होता. दोन्ही द्रव्ये पोफळीखालीच असून त्यांचा पोफळीसाठी उपयोग मात्र फ्रान्समार्गे आला. द्रव्याचे ज्ञान आणि कारणाचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

तिसरा केळीचा मर रोग. येथे वारा नाही, पाऊस नाही. येथे माती आहे. फ्युझेरियम ही बुरशी मुळांतून शिरते, रसवाहिन्या तुंबवते, खालची पाने पिवळी पडून खोडाभोवती लोंबतात आणि झाड मरते. मातीत ती वर्षानुवर्षे टिकते, म्हणून फवारणीने तिचे काही होत नाही. बँक्रॉफ्ट याने ऑस्ट्रेलियात १८७६ मध्ये या रोगाचे वर्णन केले. मध्य अमेरिकेत त्याने निर्यातीच्या ग्रो मिशेल केळीच्या बागा उद्ध्वस्त केल्यामुळे तो ‘पनामा’ या नावाने जगभर ओळखला जातो. १९६० च्या सुमारास त्या जातीची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपली बसराई याच गटातील होय. त्यामुळे रोगाच्या जुन्या प्रकारापासून बसराई सुरक्षित राहिली, तर पांढऱ्या वेलचीसारख्या जाती त्याला बळी पडत राहिल्या. परंतु बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि अलीकडच्या वर्षांत तो बिहारसह भारताच्या काही भागांत आढळला आहे. येथेही धडा कलमांचाच आहे: एका जातीवर सारा भरवसा ठेवला की, त्या जातीचा रोग हा साऱ्यांचा रोग होतो.

मर रोग वाडीत शिरतो तो बहुधा मनुष्याच्या हातून. शेजारच्या वाडीतून आणलेला मुनवा, त्याच्या मुळाशी चिकटलेली माती, सामाईक पाटाचे पाणी, एकाच्या घरून दुसऱ्याने नेलेले पहार-फावडे, या त्याच्या वाटा होत. मराठीत ‘लागण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: उसाची लागण, केळीची लागण, म्हणजे लावणी; आणि रोगाची लागण, म्हणजे संसर्ग. रोगट मुनवा लावणाऱ्याच्या हातून हे दोन्ही अर्थ एकाच खड्ड्यात, एकाच वेळी पुरे होतात. शब्दकोशातील हा योगायोग वाडीत वस्तुस्थिती होऊन बसतो. त्यातही दुःखाची बाब ही की, मुनवा देणे हे शेजारधर्माचे लक्षण आहे. ज्या देवघेवीवर वाडी उभी राहिली तीच रोगाची वाट ठरते.

६

रोग एका झाडाचा नसून परिसराचा असतो, ही जाणीव कायद्यात प्रथम उतरली. १९१४ मध्ये परदेशांतून येणाऱ्या कीडरोगांविरुद्ध अखिल हिंदुस्थानास लागू असा कायदा झाला. १९१९ मध्ये मद्रास इलाख्याने शेतीवरील कीड व रोग यांचा अंतर्गत प्रसार रोखण्यासाठी कायदा केला आणि १९४७ मध्ये मुंबई प्रांतानेही तसा कायदा केला. रोग अधिसूचित झाला असता जमीनधारकाने ठरवून दिलेले उपाय योजले पाहिजेत, हे अशा कायद्यांचे सूत्र होय. ‘माझे झाड, मी पाहून घेईन’ या भूमिकेला येथे मर्यादा पडली. शहरात आणखी एक कायदा याच्या शेजारी उभा राहतो. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाच्या कायद्यानुसार महानगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. एका कायद्याचा रोख रोगट झाड दूर करण्याकडे, तर दुसऱ्याचा झाड राखण्याकडे. दोहोंचा हेतू योग्य आहे. तथापि मिरा-भाईंदरसारख्या शहरातील वाडीच्या मालकाला दोन्हींचे भान ठेवावे लागते.

घरच्या वाडीची अडचण मोठ्या बागेपेक्षा निराळ्या जातीची आहे. मोठ्या बागेचा मालक एक असतो. तो एका दिवसात सर्व झाडांवर फवारणी करू शकतो. वाडीत वारसांच्या वाटण्या झालेल्या असतात. आंबा एकाच्या हिश्श्यात आणि त्याच्या फांद्या दुसऱ्याच्या छपरावर. झाडे जुनी व उंच. खाली विहीर, गोठा, मुलांची खेळण्याची जागा, त्यामुळे औषध मारणे धोक्याचे. अशा ठिकाणी फवारणीपेक्षा जुने, हातांनी करायचे उपाय अधिक उपयोगी पडतात: मध्यभागी ऊन व वारा खेळेल अशी फांद्यांची विरळणी, वाळलेल्या काटक्या काढणे, गळलेली रोगट फळे व कुजलेले घड गोळा करून वाडीबाहेर नष्ट करणे, कोयता एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना स्वच्छ करणे, मुनवा निरोगी बेटातूनच घेणे. यांतील पहिले दोन उपाय वराहमिहिराच्या शस्त्रशोधनाशी व अंतराच्या नियमाशी जुळतात. फरक इतकाच की, आता ते का करावयाचे हे कळलेले आहे. आणि हे सर्व उपाय कुंपणाच्या एकाच बाजूला केले तर निम्मेच फलदायी होतात. भुरीचे बीजाणू सात-बारा पाहून उडत नाहीत.

पुण्यास १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, आजरेकरांच्या नावाने बुरशींचा एक संग्रह आहे. देशभरातील बुरशींचे नमुने तेथे नावनिशीवार जपलेले आहेत. वाडीतील माणसाच्या तोंडी असलेल्या रोगनावांचा असा संग्रह मात्र झालेला नाही. वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी व ख्रिस्ती बोलींत झाडांच्या दुखण्यांना कोणती नावे आहेत, त्यांना कोणती क्रियापदे लागतात, कोणते रोग पडतात आणि कोणते लागतात, याची पद्धतशीर नोंद हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढील काम आहे. वसई-उत्तनच्या वाड्या जसजशा इमारतींखाली जातील तसतशी ती नावेही जातील. झाड नाहीसे झाल्यावर त्याच्या रोगाचे नाव कोणी जपत नाही.

या नोंदीचा उपयोग केवळ भाषाशास्त्राला नाही. कृषिविस्ताराचे पत्रक ‘कवकजन्य संसर्ग’ अशा शब्दांत बोलते आणि वाडीतला माणूस ‘मोहोर धुक्याने गेला’ असे म्हणतो. दोघे एकाच झाडाखाली उभे असून एकमेकांना भेटत नाहीत. लोकांची नावे टाकून देऊन नवी घडविल्याने ही भेट घडणार नाही. भुरी, करपा, मर ही नावे तशीच ठेवून त्यांच्याशी कारण व वाट यांचे ज्ञान जोडून दिले पाहिजे. मराठीत त्याची सोय मुळातच आहे. रोग ‘पडला’ असे म्हणणारा आकाशाकडे पाहतो. ‘लागला’ असे म्हणणारा शेजारच्या झाडाकडे, हातातल्या कोयत्याकडे आणि लावावयाच्या मुनव्याकडे पाहतो. बुरशीरोगांच्या बाबतीत दुसरे क्रियापद अधिक खरे आहे. मात्र त्या पाहण्यात आरोप नसावा. शेजाऱ्याच्या झाडावरून आपल्या झाडाला जे लागते तेच आपल्या झाडावरून त्याच्या झाडालाही लागते; म्हणून कुंपणाच्या दोन्ही बाजूंची विरळणी एकाच आठवड्यात झाली, तर त्यात दोघांचेही हित आहे.